हे कशामुळे झालं, डॉक्टर?

मूल वर्षाचं होऊनही बसत नाही, अडीच वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नाही. मग कुणी नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात रांग लावतं, कुणी कॉलेज रोडवरच्या बालरोगतज्ज्ञाकडे जातं. तपासणी होते, ‘बौद्धिक अक्षमता’ हे शब्द उच्चारले जातात आणि थोडा वेळ कुणी काही बोलत नाही. त्यानंतर आईबाबांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : हे कशामुळे झालं?

गंमत अशी, की बरोबर आलेल्या नातेवाइकांकडे उत्तर आधीच तयार असतं. सुनेनं ग्रहणात भाजी चिरली. सातव्या महिन्यात जिन्यावरून घसरली. पपई खाल्ली. कुणी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून मगच दवाखान्याची पायरी चढलेलं असतं. उत्तरं निरनिराळी, पण बहुतेक सगळ्यांचा रोख आईकडे.

रजनीताई लिमये यांनी १९७७ साली नाशिकमध्ये अशा मुलांसाठी प्रबोधिनी विद्यामंदिर ही शाळा सुरू केली, तेव्हा त्यांच्या पालकांपुढे जास्त निकडीचा प्रश्न होता तो ‘याला शिकवणार कोण?’ हा. ‘का झालं’ शोधायची साधनंही तेव्हा तुटपुंजी होती. गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली मोजता यायची, त्यावरची जनुकं वाचता येत नव्हती. आज ती वाचता येतात. म्हणून ‘कशामुळे?’ हा प्रश्न डॉक्टरांनी टाळण्यासारखा राहिलेला नाही.

१. टक्का म्हणजे कारण नव्हे

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. मूल किती मागे आहे, हा एक प्रश्न. का मागे आहे, हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर चाचण्या देतात. आपल्याकडे आजही वापरात असलेल्या बिने-कामत चाचणीचं मूळ मराठी आणि कन्नड मुलांमध्येच आहे. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ साली परदेशी बिने चाचणी या दोन भाषांतल्या मुलांसाठी बसवली. तिचा हिशेब सरळ आहे. समजा, १० वर्षांचा मुलगा साधारण ६ वर्षांच्या मुलाला जमतील एवढेच प्रश्न सोडवतो. ६ भागिले १० गुणिले १००, म्हणजे बुद्ध्यंक ६०. बुद्ध्यंक साधारण ७०च्या खाली असेल, रोजचे व्यवहार (कपडे घालणं, पैसे ओळखणं, रस्ता ओलांडणं) वयाच्या मानाने जमत नसतील आणि हे सगळं वाढीच्या वयातच सुरू झालेलं असेल, तर बौद्धिक अक्षमता म्हणतात. तिन्ही गोष्टी हव्यात. पाच वर्षांखालच्या मुलाचा बुद्ध्यंक भरवशाने काढता येत नाही, म्हणून तिथे ‘विकासात विलंब’ एवढंच लिहितात. आणि हे काहीही लिहिण्यापूर्वी कान तपासायचे. ऐकू न येणारं मूल बोलत नाही, आणि न बोलणाऱ्या मुलावर ‘मंद’ असा शिक्का चटकन बसतो.

यातून पुढे दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं, वैश्विक ओळखपत्र मिळतं, त्यावर टक्का येतो. सवलतींसाठी ते लागतंच. पण अनेक घरांत फाइल इथेच थांबते. प्रमाणपत्र हातात आलं म्हणजे निदान झालं, असा समज होतो. त्या कागदावर टक्का असतो, कारण नसतं. सारखाच टक्का असलेल्या दोन मुलांपैकी एकाच्या पुढच्या भावंडाला काहीही धोका नसू शकतो, आणि दुसऱ्याच्या बाबतीत तो चारात एक असू शकतो.

२. केव्हा आणि काय

कारणांची वर्गवारी करायची म्हणजे नेमकं काय करायचं? इंग्लंडमध्ये लायोनेल पेनरोज या डॉक्टरने कोलचेस्टरच्या एका संस्थेतल्या १२८० जणांचा आणि त्यांच्या कुटुंबांचा अभ्यास करून १९३८ मध्ये अहवाल छापला. ‘मंदबुद्धी घराण्यातून येते’ हा त्या काळचा सरधोपट समज होता. पेनरोज यांना दिसलं ते असं, की ही एक अवस्था नाहीच. अनेक वेगवेगळ्या वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

या वाटा वेगळ्या करायला डॉक्टर दोन प्रश्न एकदम विचारतात. केव्हा घडलं : जन्माआधी, जन्माच्या वेळी, की जन्मानंतर? आणि काय घडलं : जनुकांत बदल झाला, संसर्ग झाला, रक्तातल्या रसायनांचा तोल गेला, मेंदूला मार लागला, की पोषण आणि संगोपन कमी पडलं? अमेरिकेतल्या या क्षेत्रातल्या जुन्या संघटनेने २००२ मध्ये जी मांडणी केली, तीत एका बाजूला काळ आणि दुसऱ्या बाजूला जैविक, सामाजिक, वर्तनाचे आणि शिक्षणाचे घटक असा तक्ता आहे. त्यातली शहाणपणाची गोष्ट ही, की एका मुलासाठी एकाहून जास्त घरं भरायला मुभा आहे. सुरगाण्याच्या पाड्यावरचं कमी वजनाचं बाळ, ज्याची आई गरोदरपणी रक्तक्षयाने पिवळी पडली होती आणि ज्याला पुढे दोनदा मोठं आजारपण झालं, त्याचं एकच कारण शोधणं म्हणजे आपलीच फसवणूक आहे. सौम्य अक्षमतेत असं बऱ्याचदा असतं. तीव्र अक्षमतेत मात्र एखादं ठळक जैविक कारण सापडण्याची शक्यता बरीच जास्त.

३. ‘उशिरा रडलं’

या तक्त्यातलं सगळ्यात जास्त भरलं जाणारं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुकीचं भरलं जाणारं घर म्हणजे ‘जन्माच्या वेळी’.

‘बाळ जन्मल्यावर लगेच रडलं नाही’ हे वाक्य कित्येक केस पेपरांवर सापडेल. आई ते सांगते, डॉक्टर लिहितात, आणि शोध तिथे संपतो. सगळ्यांनाच सोयीचं. कधी कधी ते खरंही असतं. बाळंतपण अडलं, नाळ गळ्याभोवती आवळली, मेंदूला प्राणवायू कमी पडला, मेंदूच्या पेशी मेल्या. पण न रडणं हे कारण असू शकतं तसंच ते परिणामही असू शकतं. ज्या बाळाचा मेंदू पोटातच नीट घडलेला नाही, ते जन्मल्यावर जोमाने श्वास कसा घेणार?

निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराला हे समजावून सांगावं लागणार नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीवर घड दिसत नाहीत तेव्हा नवखा माणूस ऑक्टोबरच्या हवेला दोष देतो. जुना बागायतदार एप्रिल छाटणीनंतरचे दिवस आठवतो. वेलीच्या डोळ्यात घड तयार होतो तो त्या दिवसांत. तेव्हा ढगाळ हवामान राहिलं असेल, तर नुकसान तेव्हाच झालेलं असतं, दिसतं ते पाच-सहा महिन्यांनी.

मग जन्माच्या वेळचा मार खरा की नाही, हे कसं ओळखायचं? बाळाचं डिस्चार्ज कार्ड काढा. व्हर्जिनिया अॅपगार या अमेरिकन भूलतज्ज्ञ बाईंनी १९५०च्या दशकात सुरू केलेली गुणपद्धत तिथे बहुधा लिहिलेली असते. रंग, नाडी, स्नायूंचा ताण, चेतवल्यावर दिलेला प्रतिसाद आणि श्वास, प्रत्येकी शून्य ते दोन गुण, एकूण दहापैकी. पहिल्या मिनिटाचे ३ आणि पाचव्या मिनिटाचे ८ गुण असतील, तर बाळ सावरलं होतं आणि मेंदूला मोठी इजा झाल्याचा संभव कमी. पाच आणि दहा मिनिटांनीही गुण खालीच, पहिल्या दिवसातच झटके, बाळ अतिदक्षता कक्षात, मूत्रपिंड-यकृतावरही परिणाम, असं चित्र असेल तर संशय पक्का होत जातो. आणखी एक खूण पालकांनाही तपासता येते. प्राणवायूच्या कमतरतेने बुद्धीवर परिणाम होतो तेव्हा हातपायही सहसा सुटत नाहीत, ते ताठ किंवा वाकडे राहतात, म्हणजे सेरेब्रल पाल्सी असते. मूल छान चालतं, पळतं, झाडावर चढतं आणि फक्त बुद्धीने मागे आहे, अशा वेळी ‘उशिरा रडलं’ हे उत्तर पुरेसं मानू नये. पुढे शोधायचं.

जन्माच्या वेळच्या खात्यात आणखी एक गफलत होते ती काविळीची. नवजात बाळाची कावीळ फार वाढली तर ती मेंदूच्या आतल्या विशिष्ट भागांना धरते. त्यातून हालचालींवरचा ताबा जातो, कान जातात. पण बुद्धी कित्येकदा बऱ्यापैकी शाबूत असते. अंग वेडंवाकडं हलतं, बोलणं कळत नाही, म्हणून अशा मुलाला मतिमंद ठरवून टाकलेलं आढळतं.

४. एकच नाव, तीन वेगळे धोके

‘डाउन सिंड्रोम आहे’ एवढं सांगून भागतं का? चेहरा पाहून अनुभवी डॉक्टर ते दारातच ओळखतो. तरीही रक्त तपासायचं असतं, आणि पालक म्हणतात, ओळखलंत ना, मग दोन-तीन हजार कशाला घालायचे?

कशाला, ते पाहू. जॉन लँगडन डाउन यांनी हे वर्णन १८६६ मध्ये केलं. कारण कळायला १९५९ उजाडलं. जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या मुलांच्या पेशीत २१ नंबरचं गुणसूत्र दोनऐवजी तीन वेळा असतं. गुणसूत्रं मोजून त्यांचा फोटो मांडण्याच्या तपासणीला कॅरिओटाइप म्हणतात. सुमारे ९५ टक्के मुलांत तिसरं गुणसूत्र सुटं असतं. ही बीजपेशी तयार होतानाची चूक, आईचं वय वाढतं तशी जास्त होणारी : ३५व्या वर्षी साधारण ३५० बाळांत एक, ४०व्या वर्षी १०० बाळांत एक. आई तरुण असेल तर पुढच्या वेळी धोका सुमारे एक टक्का.

तीन-चार टक्के मुलांत मात्र जास्तीचं २१ दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं. इथे आईबाबांचीही तपासणी करावी लागते, कारण त्यांच्यापैकी कुणी स्वतः ठणठणीत असूनही असं जोडलेलं गुणसूत्र वागवत असू शकतं. ते १४ नंबरला जोडलेलं असेल आणि आई वाहक असेल, तर पुढच्या बाळाला धोका १० ते १५ टक्के. वडील वाहक असतील तर एक-दोन टक्के. आणि वाहक व्यक्तीत २१ला २१च जोडलेलं असेल, तर जन्माला येणारं प्रत्येक मूल डाउन सिंड्रोमचं. एकच चेहरा, एकच नाव, आणि धोका एक टक्क्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत. दोन-तीन हजार यासाठी.

५. मामा काय करतो?

चांगला जनुकतज्ज्ञ यंत्राआधी कागद-पेन्सिल घेतो आणि तीन पिढ्यांची वंशवेल काढतो. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री. त्याचे प्रश्न पालकांना चमत्कारिक वाटतात. आईचा भाऊ कितवीपर्यंत शिकला? आईच्या वडिलांचे हात थरथरतात का, चालताना तोल जातो का? मावशीची पाळी चाळिशीच्या आतच गेली का?

हे प्रश्न फ्रॅजाइल एक्स नावाच्या स्थितीसाठी असतात. एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. बहुतेकांत ४५ पेक्षा कमी वेळा. ५५ ते २०० वेळा असेल तर माणूस शिकतो, नोकरी करतो, पण उतारवयात पुरुषाला कंप आणि तोल जाण्याचा त्रास होऊ शकतो, स्त्रीची पाळी लवकर जाऊ शकते. आईकडून पुढे जाताना हा तुकडा वाढतो आणि २०० ओलांडले की जनुक बंद पडतं. मुलग्याला एकच एक्स असल्याने त्याच्यावर परिणाम जास्त. म्हणजे थरथरणारे आजोबा, ठीकठाक आई आणि बोलायला उशीर झालेला, नजर टाळणारा, हात फडफडवणारा नातू, ही एकाच जनुकाची तीन रूपं असू शकतात. हे जनुक १९९१ मध्ये सापडलं. त्याची तपासणी वेगळी सांगावी लागते. महागडी ‘सगळी जनुकं’ तपासली तरी हा दोष नेहमीच्या पद्धतीत निसटतो.

वंशवेलीत आणखी एक गोष्ट दिसते : नवराबायकोचं आधीचं नातं. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाची मुलगी करण्याची पद्धत आहे. इरावती कर्वे यांनी नातेसंबंधांवरच्या आपल्या १९५३च्या ग्रंथात उत्तरेची मनाई आणि दक्षिणेची पसंती यांच्यामध्ये महाराष्ट्र कसा उभा आहे हे मांडलं आहे. वैद्यकाच्या दृष्टीने मुद्दा असा. आपल्या प्रत्येकात काही बिघडलेली जनुकं असतात, जोडीतलं दुसरं चांगलं असल्याने ती झाकली जातात. आते-मामे भावंडांची सरासरी आठवा हिस्सा जनुकं एकाच आजीआजोबांकडून आलेली असतात. म्हणून दोघांकडे तेच बिघडलेलं जनुक असण्याची शक्यता वाढते. दोघं वाहक निघाले तर प्रत्येक बाळंतपणात धोका चारात एक. हे ‘प्रत्येक’ नीट समजून घ्यावं. ‘एक झालं, आता पुढची तीन चांगली’ असा हिशेब कुटुंबात मांडला जातो, तो चूक. दुसऱ्या वेळी पुन्हा चारात एकच.

पण बागुलबुवाही नको. कुठल्याही जोडप्याच्या शंभर बाळांत दोन-तीन बाळांना गंभीर जन्मदोष असतो. आते-मामे भावंडांच्या लग्नात हा आकडा साधारण चार ते सहा होतो. म्हणजे किमान चौऱ्याण्णव बाळं सुखरूप. नात्यातलं लग्न दिसलं की तेच कारण, असं लिहून मोकळं होणं ही ‘उशिरा रडलं’चीच दुसरी आवृत्ती आहे.

६. ज्या कारणांना औषध आहे

वर्गवारीचा सगळ्यात रोकडा उपयोग इथे. हजारो कारणांपैकी थोड्या कारणांवर इलाज आहे, आणि ती आधी तपासायची, मग ती कितीही दुर्मीळ असोत.

१९३४ मध्ये नॉर्वेत बोर्ग्नी एगेलँड नावाची आई आपल्या दोन मुलांना घेऊन आस्ब्योर्न फोलिंग यांच्याकडे आली. मुलांच्या लघवीला विचित्र कुबट वास येतो, हे ती कित्येक डॉक्टरांना सांगून थकली होती. फोलिंग यांनी लघवीत फेरिक क्लोराइड घातलं आणि ती हिरवी झाली. अन्नातला एक घटक शरीराला पचवता न आल्याने मेंदूत विष साठत होतं. फिनाइलकीटोनुरिया हा तो आजार. जन्मतःच कळला तर आहार बदलून मेंदू वाचवता येतो. भारतात तो दुर्मीळ आहे.

थायरॉइडची जन्मजात कमतरता दुर्मीळ नाही. आपल्याकडे साधारण हजार-बाराशे बाळांत एक. हे बाळ कसं दिसतं? झोपाळू, दूध ओढायला आळशी, अंग गार, शी तीन-चार दिवसांनी, बेंबी फुगलेली, कावीळ रेंगाळलेली, रडण्याचा आवाज घोगरा. आजी कौतुक करते, ‘किती शांत बाळ आहे, त्रासच देत नाही.’ तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्ताचे दोन थेंब घेऊन तपासलं, तर दुसऱ्या आठवड्याच्या आत औषध सुरू होतं. थायरॉक्सिनची इवलीशी गोळी, आईच्या दुधात कुस्करून, रोज सकाळी. मूल इतर मुलांसारखंच शाळेत जातं. तेच सहा-आठ महिन्यांनी कळलं, तर गेलेलं पुरतं परत येत नाही.

तिसरं कारण घरच्या रीतीतून येतं. पहिला चीक पिळून टाकायचा, बाळाला मध किंवा गुळाचं पाणी चाटवायचं, दूध दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. कमी वजनाच्या बाळाच्या रक्तातली साखर त्या उपाशी तासांत घसरते आणि मेंदूच्या मागच्या भागाला इजा होते. घरी आलेलं बाळ ठीक वाटतं. चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान ते झोपेतून उठताना एकामागोमाग एक पुढे वाकू लागतं, हात फेकतं. ‘दचकतं’, ‘पोटात कळ येते’ म्हणून ग्राइप वॉटर दिलं जातं. हे झटके असतात. उपचाराला जितका उशीर, तितकी बुद्धी मागे पडते. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवणं, एवढं कुणालाही करता येतं.

७. जन्मानंतरची वाट

ही यादी ओळखीची आहे : मेंदूज्वर, क्षयाचा मेंदूवरचा हल्ला, पाण्यात बुडता बुडता वाचणं, दुचाकीवरून पडून डोक्याला मार, शिसं पोटात जाणं, दीर्घ कुपोषण. गोवर हजारातल्या एखाद्या मुलाच्या मेंदूपर्यंत पोचतो. २०२२च्या अखेरीस मुंबई-भिवंडीबरोबर मालेगावातही गोवराची साथ आली, ती मुख्यतः लस न घेतलेल्या मुलांत. या वाटेने आलेल्या अक्षमतेत एक खूण अनेकदा सापडते : मूल आधी येत असलेलं विसरलं. बोलत होतं, थांबलं. मात्र मोठं आजारपण नसताना मूल मागे जाऊ लागलं, तर ते जन्मानंतरचं कारण नसेलही. आत दबून बसलेला एखादा जनुकीय आजार तेव्हा उघडा पडत असू शकतो.

८. तपासण्या कुठल्या क्रमाने

२०१३ मध्ये पालघरहून देशभर सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि शाळेत येणारं पथक विकासातला उशीर टिपतं आणि मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतं. पुढचा क्रम साधारण असा. कान-डोळे, डोक्याचा घेर टेपने मोजणं, त्वचेवरचे पांढुरके डाग पाहणं, वंशवेल, थायरॉइड. मग गरज वाटली तर मेंदूचा एमआरआय. चेहऱ्यावरून डाउन वाटत असेल तर कॅरिओटाइप. काहीच ओळखू येत नसेल, तर मायक्रोअॅरे. गुणसूत्राचे सूक्ष्मदर्शकाला न दिसणारे छोटे तुकडे गळाले आहेत किंवा दुप्पट झाले आहेत का, ते यात कळतं, आणि १५ ते २० टक्के मुलांत उत्तर मिळतं. त्यानंतर एक्झोम, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या सगळ्या जनुकांचं वाचन. यात आणखी बऱ्याच मुलांचं कारण हाती लागतं. रक्ताचा नमुना नाशिकमध्येच घेतात, वाचन बाहेरगावच्या प्रयोगशाळेत होतं. अहवालाचा अर्थ लावून घ्यायला मात्र जनुकतज्ज्ञ गाठावा, त्यासाठी मुंबई-पुण्याची एक खेप पडली तरी चालेल.

हे सगळं पुढच्या वेळी दिवस राहण्याआधी करायचं. नेमकं कारण हातात असेल, तर अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा तुकडा घेऊन त्याच दोषासाठी गर्भ तपासता येतो. १९९४च्या कायद्याने गर्भलिंग सांगायला बंदी आहे, नोंदणीकृत केंद्रात जनुकीय आजार तपासायला नाही. कारण माहीत नसेल तर तपासायचं काय, हेच कुणाला सांगता येत नाही.

आणि इतकं करूनही बऱ्याच फायलींवर ‘कारण सापडलं नाही’ असंच लिहावं लागतं. त्याचा अर्थ कारण नाही असा नव्हे. तसा तो ग्रहणाकडे परत जायचा परवानाही नव्हे. दरवर्षी नवी जनुकं ओळखली जातात, म्हणून जुन्या एक्झोमची माहिती दोन-तीन वर्षांनी पुन्हा चाळून घ्यायला सांगतात, नवं रक्त न देता. तोवर जोडप्याला पुढच्या बाळासाठी जो आकडा सांगितला जातो, तो साधारण ५ ते १० टक्क्यांचा असतो. अक्षमता किती तीव्र आहे, नवराबायकोचं आधीचं नातं आहे का आणि वंशवेलीत आणखी कुणी आहे का, यावर तो खालीवर होतो.